यात्रोसोफिया : ग्रीक मठांमधला 'आजीबाईचा बटवा' आणि तो वाचायचा कसा



मागच्या वर्षी पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबल्या. त्यांच्या सासूबाईंना हृदयाचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू. त्यासोबत गावाहून कुणीतरी आणून दिलेला काढाही त्या सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. आईंनी मला विचारलं, "बाई, काढा तर झाडपाल्याचाच आहे ना? मग डॉक्टरांना वेगळं काय सांगायचं?"

मी डॉक्टर नाही. "सांगाच, आजच सांगा" एवढंच मी म्हणाले. पण का सांगायचं, ते मला नीट समजावता आलं नाही. पुढे एकदा वर्गात 'युनानी' हा शब्द आला. मुलांनी अर्थ विचारला, म्हणून मी वाचायला बसले. युनानी म्हणजे ग्रीक. 'आयुष' या नावातला 'यु' तोच. वाचता वाचता ग्रीक मठांमधल्या औषधांच्या जुन्या वह्यांपर्यंत पोहोचले, आणि त्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

काळी पिशवी घेऊन फिरणारा साधू

ग्रीसच्या उत्तरेला समुद्रात घुसलेली एक डोंगराळ पट्टी आहे. तिचं नाव माउंट आथोस. तिथे वीस मोठे मठ आहेत आणि हजार वर्षांहून अधिक काळ फक्त साधूच राहतात. १९३० च्या दशकात लंडनजवळच्या क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे संचालक सर आर्थर हिल तिथे गेले होते. त्यांना एक म्हातारा साधू भेटला. वनस्पती ओळखणं आणि गोळा करणं हेच त्याचं नेमून दिलेलं काम. तो बहुतेक वेळा पायी, कधी खेचरावर बसून डोंगर पालथे घालायचा. सोबत एक मोठी काळी पिशवी. त्या पिशवीत चार जाडजूड हस्तलिखितं होती आणि झाड ओळखायचं झालं की तो ती उघडून बघायचा.

ते पुस्तक कुठलं होतं? डायोस्कोरिडीसचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला! साधूने तो बहुधा स्वतःच्या हाताने उतरवून काढला होता.

म्हणजे बघा, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं पुस्तक, आणि ते संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत नाही, तर रोजच्या वापरात, खांद्यावरच्या पिशवीत. इतका काळ एखादं पुस्तक वापरात कसं राहतं? आणि ते इतका काळ वापरात राहिलं म्हणून त्यातलं सगळं खरं मानायचं का? हे दोन प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ.

'यात्रोसोफिया' म्हणजे काय?

नाव ऐकून पंढरपूरची यात्रा आठवेल, पण तसा काही संबंध नाही. ग्रीकमध्ये 'यात्रोस' म्हणजे वैद्य आणि 'सोफिया' म्हणजे शहाणपण. वैद्यकीचं शहाणपण ज्यात उतरवून ठेवलं आहे ती वही म्हणजे 'यात्रोसोफियो', आणि अशा अनेक वह्या म्हणजे 'यात्रोसोफिया'.

आपल्याकडे 'आजीबाईचा बटवा' म्हणतात, त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे. फरक एवढाच की आजीचा बटवा बहुतेक तोंडी असतो आणि हा लिहिलेला होता. या वह्या बायझंटाइन काळात, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) राजधानी असताना, दवाखान्यांत आणि मठांत तयार होऊ लागल्या. १४५३ मध्ये ते शहर ऑटोमन तुर्कांनी जिंकलं. त्यानंतरही वह्या थांबल्या नाहीत. उलट खेड्यापाड्यांत शिकलेला वैद्य मिळणं अवघड झालं, तशी त्यांची गरज वाढली. थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत, काही ठिकाणी विसाव्यातही, लोक त्या उतरवून घेत होते.

या वह्यांचा साचा साधारण असा :

- वर आजाराचं नाव : 'डोकेदुखीसाठी', 'खोकल्यासाठी', 'विंचू चावल्यास'.
- खाली औषध : कुठली वनस्पती, तिचा कुठला भाग, किती, कशात मिसळायची. मध, द्राक्षारस, व्हिनेगर आणि ऑलिव्हचं तेल तर जवळजवळ दर पानावर.
- अनेक वह्यांत आजारांचा क्रम डोक्यापासून पायापर्यंत.
- मधूनच एखादी प्रार्थना, ताईत किंवा मंत्र.

लिहिणारा कधी दवाखान्यातला वैद्य असायचा, कधी मठातला साधू, कधी गावातला जाणता माणूस. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. जुन्या ग्रंथांची भाषा अवघड, म्हणून उतरवताना लोक ती आपल्या बोलीत आणायचे. समासात नवीन नोंद करायची, जुनी खोडायची. थोडक्यात, ही वापरून वापरून मळलेली कामाची वही होती.

मठात दवाखाना कसा आला?

ग्रीक वैद्यक मठांपेक्षा बरंच जुनं आहे. कोस बेटावरचा हिप्पोक्रेटिस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, आणि पेर्गामोनचा गॅलेन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे शरीरात चार रस असतात, त्यांचा तोल गेला की आजार होतो, ही त्यांची मांडणी. आपल्या वात-पित्त-कफाची आठवण होते ना? मुलांना हे लगेच लक्षात येतं. पण दोन्ही मांडण्या एकच नाहीत, हेही सांगावं लागतं.

पुढे ख्रिस्ती धर्म आला. आता प्रश्न उभा राहिला, की आजार देवाने दिला असेल तर औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास का? चौथ्या शतकातले सीझेरियाचे बिशप बेझिल यांनी यावर सरळ भूमिका घेतली. वैद्यकी हीसुद्धा देवाचीच देणगी आहे, ती वापरावी. मात्र सगळी आशा फक्त तिच्यावर ठेवू नये. त्यांनी नुसता उपदेश केला नाही. गावाबाहेर गरिबांसाठी, प्रवाशांसाठी आणि रोग्यांसाठी एक मोठी वसाहतच उभारली. इतिहासातल्या अगदी सुरुवातीच्या रुग्णालयांत तिची गणना होते.

त्याच परंपरेत कोस्मास आणि डेमियन या दोन वैद्य संतांना फार मान आहे. त्यांना 'अनार्गिरी' म्हणतात, म्हणजे चांदी न घेणारे, फुकट औषध देणारे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे कॉन्स्टँटिनोपलमधला पांतोक्राटोर मठ. सम्राट दुसरा जॉन कोम्नेनोस याने ११३६ मध्ये या मठाची नियमावली करून दिली. ती आज उपलब्ध आहे. मठाच्या रुग्णालयात ५० खाटा. जखमी आणि हाड मोडलेल्यांसाठी १०, डोळ्यांच्या आणि पोटाच्या तीव्र दुखण्यांसाठी ८, स्त्रियांसाठी १२ आणि बाकीच्या साध्या रुग्णांसाठी उरलेल्या. स्त्रियांच्या विभागात एक स्त्री-वैद्यही नेमलेली होती. हो, बाराव्या शतकात! पण तिचा पगार पुरुष वैद्यांपेक्षा कमी ठेवला होता, हेही त्याच नियमावलीत दिसतं. आठवी-नववीच्या मुलींना हे सांगून बघा, चर्चा आपोआप सुरू होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या रुग्णालयात पगारी, शिकलेले वैद्य होते. प्रार्थना होती, पण प्रार्थनेच्या जागी प्रार्थना आणि औषधाच्या जागी औषध. 'मठातलं औषध म्हणजे नुसती श्रद्धा' असं आपण समजतो, ते बरोबर नाही.

एका पोथीचा प्रवास

डायोस्कोरिडीस हा आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या अनाझार्बस गावचा. त्याने पाच भागांत सुमारे ६०० वनस्पतींची माहिती लिहिली. शिवाय प्राणिज पदार्थ आणि खनिजं वेगळी. झाड कसं दिसतं, कुठे उगवतं, कधी तोडायचं, कशासाठी वापरायचं, आणि भेसळ कशी ओळखायची, हेसुद्धा! ऐकीव माहितीपेक्षा स्वतः बघण्यावर त्याचा भर होता.

या ग्रंथाची सगळ्यात प्रसिद्ध प्रत इसवी सन ५१२ च्या सुमाराला कॉन्स्टँटिनोपलमध्ये तयार झाली. अनिकिया युलियाना या राजघराण्यातल्या स्त्रीला ती भेट देण्यात आली होती. तिच्यात वनस्पतींची पावणेचारशेहून जास्त रंगीत चित्रं आहेत. काही चित्रं इतकी हुबेहूब, की आजही झाड ओळखता येतं.

नऊशे वर्षांनंतर, १४०६ मध्ये, ही पोथी त्याच शहरात एका मठाच्या रुग्णालयात वापरात होती. पानं सुटू लागली होती, म्हणून तिथल्या नाथानाएल नावाच्या साधूने ती दुरुस्त करून नव्याने बांधून घेतली. पुढे शहर तुर्कांकडे गेलं. पोथी सुलतानाच्या ज्यू राजवैद्याच्या घराण्यात आली. समासात ग्रीकशिवाय अरबी, तुर्की आणि हिब्रू लिपीतही झाडांची नावं लिहिलेली आहेत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण 'हे झाड कुठलं?' हा प्रश्न सगळ्यांचा एकच. शेवटी ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या नजरेस पडून ती सम्राटासाठी विकत घेतली गेली आणि १५६९ मध्ये व्हिएन्नाला पोहोचली. आजही ती तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. पुस्तक इतकी वर्षं टिकलं, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी ते दुरुस्त केलं, उतरवलं, आपल्या भाषेत त्यात नोंदी केल्या.

मठातून गावात

हे ज्ञान मठाच्या भिंतीआड राहिलं नाही. आथोसवर राहिलेले क्रीट बेटाचे साधू आगापिओस लांदोस यांनी १६४३ मध्ये व्हेनिसला एक पुस्तक छापून घेतलं. शेती, खाणंपिणं आणि घरगुती औषधं, सगळं साध्या बोलीभाषेत. ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं. सायप्रस बेटावर माखेरास मठात एकोणिसाव्या शतकात मित्रोफानिस नावाचे साधू औषधोपचार करत. त्यांची उपायांची वही पुढे छापली गेली आणि आजचे वनस्पती-संशोधक तिचा अभ्यास करतात.

एपिरस प्रांतात विकोस नावाची खोल दरी आहे. तिथल्या वनस्पती गोळा करून गावोगाव औषध देत फिरणाऱ्यांना 'विकोचे वैद्य' म्हणत. त्यांची आपसात बोलायची गुप्त भाषा होती, वह्या बापाकडून मुलाकडे जायच्या. त्यांनाच 'कोंबोयानितिस' असंही म्हणत. गंमत म्हणजे आजच्या ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ 'भोंदू वैद्य' असा झालाय. १८३७ मध्ये अथेन्सला विद्यापीठ सुरू झालं, शिकलेले डॉक्टर तयार होऊ लागले, आणि कालचा जाणता वैद्य आज भोंदू ठरला. हे न्याय्य होतं का? काही बाबतीत हो, काही बाबतीत नाही. त्यासाठी वहीतल्या औषधांकडे एकेक करून बघायला हवं.

वहीतलं काय खरं निघालं?

*संधिवाताचा कंद.* सहाव्या शतकात ट्रालेसचा अलेक्झांडर हा वैद्य गाउटसाठी, म्हणजे पायाच्या अंगठ्याला असह्य ठणका लागतो त्या संधिवातासाठी, 'हर्मोडॅक्टिल' नावाचा कंद देत असे. तो कोल्चिकम गटातला. १८२० मध्ये या गटातल्या वनस्पतीतून कोल्चिसिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि गाउटसाठी डॉक्टर ते आजही देतात. म्हणजे अलेक्झांडर बरोबर होता!

पण थांबा. याच कोल्चिकमबद्दल डायोस्कोरिडीसने काय लिहिलंय? हे खाल्लं तर माणूस मरतो. खाण्याचा कंद समजून चुकून खाऊ नये, म्हणूनच मी याचं वर्णन देतोय. दोघंही खरे. कोल्चिसिनमध्ये औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत फार थोडं अंतर आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणारी लाल-पिवळी कळलावी मुलांना माहीत असते. तिच्यातही हेच कोल्चिसिन असतं, आणि तिचा कंद खाऊन माणसं दगावल्याच्या घटना घडतात. वर्गात हे आवर्जून सांगा.

*डोंगरी चहा.* ग्रीसच्या डोंगरउतारांवर सिडेरायटिस नावाची वनस्पती वाळवून तिचा चहा करतात. 'सिडेरोस' म्हणजे लोखंड. लोखंडी हत्यारांच्या जखमांवर ती वापरत, म्हणून हे नाव. युरोपच्या औषध नियामक संस्थेने सर्दीचा खोकला आणि पोटाच्या किरकोळ तक्रारी यांसाठी 'पारंपरिक वापराचं औषध' म्हणून तिला मान्यता दिली आहे. खिऑस बेटावरच्या मॅस्टिक या सुगंधी डिंकालाही सौम्य अपचनासाठी अशीच मान्यता आहे. या मान्यतेचा अर्थ नीट समजून घ्या. 'मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं' असा तो नाही. 'दीर्घ काळ वापर आहे, सौम्य तक्रारींसाठी सुरक्षित दिसतं' एवढाच तो आहे.

आणि काय घातक निघालं?

आता दुसरी बाजू. या वह्यांतल्या मलमांत शिशाची पांढरी पूड आणि शिशाची भस्मं सर्रास सापडतात. शिसं शरीरात साठतं आणि मुलांच्या मेंदूला इजा करतं, हे आज आपल्याला माहीत आहे.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते ॲरिस्टोलोकिया या वेलीने. 'ॲरिस्टोस' म्हणजे उत्तम आणि 'लोखिया' म्हणजे बाळंतपण. बाळंतपणासाठी उत्तम, असं कौतुकाचं नाव! डायोस्कोरिडीसने बाळंतिणीची वार पडण्यासाठी ती सांगितली आणि ती पुढे शतकानुशतकं वापरली गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या एका वजन कमी करण्याच्या केंद्रातल्या स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. हळूहळू आकडा शंभराच्या आसपास गेला. शोध घेतल्यावर कळलं, की त्यांना देत असलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात एका वनस्पतीऐवजी नावातल्या सारखेपणामुळे ॲरिस्टोलोकिया गटातली वनस्पती आली होती. पुढे त्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. बाल्कन देशांत डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातल्या काही गावांत मूत्रपिंडाचा एक आजार पिढ्यान् पिढ्या दिसायचा. तिथेही गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढणाऱ्या याच वेलीचं बी पिठात मिसळत होतं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या गटातल्या वनस्पतींना कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या यादीत टाकलं आहे. आपल्याकडची सापसंद किंवा ईश्वरी ही वेलही याच गटातली.

आता विचार करा, दोन हजार वर्षांत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? वैद्य मूर्ख होते का? मुळीच नाही. बाळंतिणीला वेल दिली, ती उठून घरी गेली, तर वैद्य म्हणणार 'गुण आला'. मूत्रपिंड बिघडलं ते नंतर, हळूहळू. कर्करोग तर कित्येक वर्षांनी. तेव्हा त्या वेलीशी त्याचा संबंध कोण लावणार? कोल्चिकम खाल्लं की माणूस थोड्याच काळात मरतो, म्हणून ते विष लगेच कळलं आणि वहीत लिहिलं गेलं. ॲरिस्टोलोकियाचं विष सावकाश काम करतं, म्हणून ते वहीत कधीच आलं नाही.

परंपरेला पटकन होणारा परिणाम दिसतो, सावकाश होणारा दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. 'आमच्या घरात शंभर वर्षं घेतात, कुणाला काही झालं नाही' या वाक्यात खोटेपणा नसतो. पण ते वाक्य पुरेसं नसतं.

त्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर

ग्रीक मठांत आणि घरांत आजही एक लाल तेल करतात. पिवळ्या फुलांची एक वनस्पती आहे, ग्रीकमध्ये 'वाल्सामो', इंग्रजीत सेंट जॉन्स वॉर्ट. तिची फुलं ऑलिव्हच्या तेलात घालून बरणी चाळीसेक दिवस उन्हात ठेवतात. तेल हळूहळू लालभडक होतं. ते जखमांवर, भाजल्यावर लावतात.

ही वनस्पती पोटात घेतली तर सौम्य ते मध्यम नैराश्यात उपयोग होतो, असं आधुनिक चाचण्यांत दिसलं आहे. पण त्याच वेळी ती यकृताला औषधांचा निचरा जास्त वेगाने करायला लावते. मग काय होतं? रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळीचा असर कमी होतो. गर्भनिरोधक गोळी फसू शकते. प्रत्यारोपण केलेला अवयव सांभाळणारी औषधं अपुरी पडतात. वनस्पती स्वतः विष नाही, गोळीही वाईट नाही, पण दोन्ही एकत्र आली की गडबड.

मठातल्या साधूच्या वहीत ही सूचना असणं शक्यच नव्हतं. कारण तेव्हा वॉरफरिनच नव्हतं! म्हणून बाई, काढा झाडपाल्याचा *आहे* म्हणूनच डॉक्टरांना सांगायचं. झाडात खरोखर काही गुण असेल, तरच ते गोळीच्या आड येईल ना? गुण मानायचा आणि परिणाम नाकारायचा, असं दोन्ही चालत नाही.

गोव्यातून आलेला एक धडा

जुन्या ग्रंथांचा आदर ठेवून ते तपासायचे कसे, याचं एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले. १५६३ मध्ये त्यांचं भारतीय औषधी द्रव्यांवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. ते संवादाच्या रूपात आहे. रुआनो नावाचा पाहुणा सारखा ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांचे हवाले देतो. ओर्ता त्याला इथे डोळ्यांनी काय दिसतं ते सांगतात. डायोस्कोरिडीसला भारतीय द्रव्यांची माहिती दुरून, व्यापाऱ्यांकडून मिळाली होती. जिथे ती चुकली, तिथे ओर्ता सरळ 'चूक' म्हणतात. पण त्याचा अपमान करत नाहीत. जन्माने ज्यू वंशाच्या ओर्तांची हाडं त्यांच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने उकरून जाळली. पुस्तक मात्र उरलं.

स्वतः डायोस्कोरिडीसही ऐकीवापेक्षा पाहिलेल्यावर भर देणारा होता. म्हणजे ओर्तांनी त्याला खोडून काढताना त्याचाच धडा पुढे चालवला.

वर्गात काय करता येईल?

'आमची यात्रोसोफिया' असा एक छोटा उपक्रम सहावी ते नववीसाठी करून बघा. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना एक घरगुती उपाय विचारायचा आणि वहीत पुढील रकाने भरायचे :

१. वनस्पतीचं स्थानिक नाव आणि चित्र. (नावं फसवतात, हे इथे कळतं. कुंडीतला जाड पानांचा 'ओवा' आणि डब्यातला ओवा ही दोन अगदी वेगळी झाडं आहेत. ब्रसेल्सची गोष्ट इथे सांगावी.)
२. कुठला भाग, किती, कशात? ('चिमूटभर' कुणाच्या बोटांची? मापांवर छान चर्चा होते.)
३. कशासाठी?
४. हे कुणी सांगितलं, त्यांना कुणी सांगितलं?
५. गुण आला हे कसं ठरवलं? आपोआप बरं झालं असतं का?
६. डॉक्टरांकडे कधी जायचंच?

पाचवा आणि सहावा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमके तेच रिकामे राहतात. ते भरायला मुलांना मदत करा. एक सूचना मात्र काटेकोर पाळा : रानातून काही तोडून आणायचं नाही, चाखायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. फक्त विचारायचं आणि लिहायचं.

पालकांसाठी चार गोष्टी

- घरात कुणीही कुठलाही काढा, चूर्ण किंवा भस्म घेत असेल तर डॉक्टरांना दाखवताना ते सांगा. शक्य असेल तर पुडी किंवा बाटली सोबत न्या. शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच.
- एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, गुटीतूनही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते पचतात, पण बाळाच्या आतड्यात त्यांचं विष तयार होऊ शकतं.
- साधी सर्दी, थोडं अपचन यांना आजीचा उपाय चालतो. पण मुलाला धाप लागली, ताप उतरत नाही, डोळे पिवळे झाले, मूल सुस्त पडलं, तर बटवा बाजूला ठेवून दवाखाना गाठा.
- आजीची टिंगल करू नका. तिने उपाय सांगितला, कारण कधीकाळी रात्री दोन वाजता तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

हीच गोष्ट त्या ग्रीक साधूंनाही लागू आहे. हाताशी जे होतं त्यातलं उत्तम त्यांनी लिहून ठेवलं, आणि समासात पुढच्यांसाठी जागा सोडली. त्या समासात आज आपण लिहायचं आहे.

त्या आईंची मुलगी यंदा नववीत आहे. उपक्रमाच्या वहीत तिने आजीचाच काढा लिहिला. सहाव्या रकान्यात एकच ओळ होती : "आजी आता गोळी आणि काढा दोन्ही डॉक्टरांना सांगून घेते." मी त्या ओळीखाली लाल पेनने 'उत्तम' लिहिलं.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांनी पाचव्या रकान्यात काय लिहिलं, ते आम्हाला जरूर कळवा.